फोमचं चिलखत लोखंडाचं कसं दिसतं? एअरब्रश, गेरू आणि खडेमीठ

डहाणू तालुक्यातल्या वरोरच्या किनाऱ्यावर गंजाचा अभ्यास फुकटात करता येतो. होड्यांचे बोल्ट, नांगर, साखळ्या, इंजिनाचे सुटे भाग, सगळं समोर असतं. जवळ जाऊन बघितलं की कळतं, गंज सगळीकडे सारखा चढत नाही. बोल्टच्या डोक्याभोवती तो गडद तपकिरी असतो आणि तिथून खाली एक नारिंगी ओघळ उतरलेला असतो. साखळीच्या कड्या जिथे एकमेकींवर घासतात, तिथे लोखंड चकाकत असतं. पाणी साचतं त्या खोबणीत खपल्या निघालेल्या असतात.

याच पट्ट्यात दुसऱ्या प्रकारचं लोखंडही बघायला मिळतं. वरोर, चिंचणी, वाढवण भागात दागिन्यांच्या डाया बनवणारे कारागीर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची आणि त्यावर धातूचा पातळ पत्रा दाबून दागिन्याचा आकार उठवायचा, असं हे काम. ते पोलादही त्याच खाऱ्या हवेत असतं. पण कामातली डाय गंजून चालत नाही, म्हणून ती पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावी लागते.

म्हणजे एकाच गावात, एकाच हवेत, एक लोखंड गंजलेलं आणि दुसरं आरशासारखं. फरक फक्त माणसाचा हात लागतो की नाही, एवढाच.

आता हे सगळं चिलखतांच्या लेखात कशाला? कारण १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची मिरवणूक असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, गणपतीतला ऐतिहासिक देखावा असो किंवा मुंबई-पुण्यातलं कॉमिक कॉन, अंगावर चढणारं चिलखत आजकाल बहुतेक वेळा फोमचं असतं. ते हलकं असतं, स्वस्त असतं आणि चार फुटांवरून फोमचंच दिसतं. त्याला लोखंड करतो तो रंग. आणि त्या रंगाचा सगळ्यात उपयोगी गडी म्हणजे एअरब्रश. तो कसा चालतो, नव्या वस्तूला जुनेपण कसं द्यायचं आणि हे करताना आपल्या फुप्फुसांत काय जातं, हे तिन्ही प्रश्न एकत्रच घ्यायला हवेत. व्हिडिओंमध्ये तिसरा प्रश्न सहसा दहा सेकंदांत उरकतात, म्हणून इथे त्याला जास्त जागा दिली आहे.

पेनाएवढी फवारणी

एअरब्रश दिसायला जाड पेनासारखा असतो. एका बाजूने कंप्रेसरची दाबलेली हवा येते, वरच्या छोट्या वाटीतून रंग येतो, आणि टोकाशी हवा त्या रंगाचे बारीक कण करून बाहेर फेकते. आत एक लांब सुई असते. ती मागे सरकली की तोंड उघडतं. हे तोंड साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरचं असतं. चिलखतासारख्या मोठ्या कामाला ०.४ किंवा ०.५ चं घ्यावं. धातूच्या रंगांत चकाकणारे कण असतात आणि ते बारीक तोंडात अडकतात.

'डबल अ‍ॅक्शन' प्रकारात बटण खाली दाबलं की हवा सुटते, आणि मागे ओढलं की रंग. शिकताना सवय एकच लावायची: आधी हवा, मग रंग, थांबताना आधी रंग बंद, मग हवा. उलटं केलं की टोकावर थेंब साचतो आणि पुढच्या वेळी तो नेमका छातीच्या पत्र्याच्या मधोमध उडतो.

रंग दुधाइतका पातळ हवा. बाटलीतला अ‍ॅक्रिलिक रंग बहुतेकदा सायीसारखा असतो, त्यामुळे तो पातळ करावाच लागतो. दाब १५ ते २५ पीएसआय पुरतो, म्हणजे स्कूटरच्या पुढच्या चाकात असते साधारण तेवढीच हवा. अंतर चार-सहा इंच. एकाच जाड थरात काम संपवायचा मोह टाळायचा. चार पातळ थर, मध्ये वाळायला वेळ.

कोकणपट्टीत एक जास्तीची अडचण येते. हवा दमट असते, आणि कंप्रेसर ती हवा दाबतो तेव्हा तिच्यातलं पाणी सुटतं. हे पाणी नळीतून येऊन रंगात थुंकल्यासारखे ठिपके पाडतं. त्यासाठी नळीला पाणी अडवणारी छोटी बाटली, म्हणजे मॉइश्चर ट्रॅप, लावतात. पुण्यात एखादा हिवाळा त्याच्याशिवाय निघेल. डहाणूत जुलै महिना निघणार नाही.

आणि एअरब्रश नसेल तर? चिलखत होतंच. स्पंज, कोरडा ब्रश आणि स्प्रेचा डबा यांवर कित्येक चांगली कामं होतात. एअरब्रशचा खरा फायदा छटांमध्ये आहे: काळ्यातून राखाडीत, राखाडीतून रुपेरीत कडा न दिसता जाणं. हाताच्या ब्रशने हे करायला वर्षं लागतात.

रंगाच्या आधी फोम

वापरला जाणारा फोम बहुधा ईव्हीए असतो, चपलांच्या तळव्यांत असतो तोच. त्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात. त्यावर थेट रंग मारला तर फोम तो पिऊन टाकतो आणि चिलखत खडूसारखं दिसतं. म्हणून आधी हीट गनची गरम हवा फिरवतात. पृष्ठभाग किंचित चमकू लागला की छिद्रं बंद झाली असं समजायचं. मग लवचीक लेप द्यायचा. लवचीक का, तर घालणारा माणूस वाकणार, बसणार, घोषणा देताना हात वर करणार. कडक लेप त्या घडीवर तडकतो.

रबरासारखा लेप देणारे तयार प्रायमर मिळतात, पण ते महाग पडतात. बरेच जण फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक थोडा पातळ करून तीन-चार हात देतात. तो चालतो, मात्र पाणी लागलं की पुन्हा मऊ होतो. त्यामुळे त्याच्यावर वार्निश हवंच. पुढे मिठाची युक्ती येणार आहे, तिच्यात पाणी वापरावं लागतं. तिथे ही गोष्ट विसरली तर सगळा रंग सालीसारखा हातात येतो.

धातूसाठी पहिला थर चकचकीत काळा. हे ऐकून नवखे लोक दचकतात. पण रुपेरी रंग म्हणजे पारदर्शक माध्यमात तरंगणारे चपटे चकाकते कण. त्यांच्या फटींतून खालचा रंग दिसतो. खाली पांढरं असेल तर चांदीचा कागद गुंडाळल्यासारखं दिसतं, खाली काळं असेल तर पोलाद दिसतं. पितळ दाखवायचं असेल तर खाली गडद तपकिरी. रुपेरी रंग फवारताना खोबणी आणि सांधे मुद्दाम थोडे काळेच ठेवायचे. नंतर पेन्सिलीतल्या शिशाची, म्हणजे ग्रॅफाइटची, पूड बोटाने कडांवर घासली तर फार सुंदर, थंड अशी धातूची चमक येते. ही जवळजवळ फुकटची युक्ती महागड्या बाटल्यांना लाजवते.

डार्थ व्हेडरपासून कोल्हापूरपर्यंत

नवी कोरी वस्तू मुद्दाम जुनी करण्याच्या कामाला इंग्रजीत 'वेदरिंग' म्हणतात. सिनेमात हे आधीपासून होत होतं, पण चाहत्यांच्या डोक्यात ते पक्कं बसवलं १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने. जॉर्ज ल्युकासला वापरलेलं, मळलेलं, ठोकाठोकी झालेलं जग हवं होतं. त्या सिनेमाची वेशभूषा केली जॉन मोलो यांनी. मोलो मुळात लष्करी गणवेशांचे अभ्यासक होते, आणि त्या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळालं.

त्यांना दुसरं ऑस्कर मिळालं 'गांधी' सिनेमासाठी, १९८३ च्या सोहळ्यात. ते त्यांनी विभागून घेतलं भानू अथैया यांच्याबरोबर. ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. जन्म कोल्हापूरचा, १९२९ चा. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार होते, आणि त्या स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. डार्थ व्हेडरला चिलखत चढवणारा माणूस आणि कोल्हापूरची मुलगी एकाच पुरस्कारावर, ही गोष्ट आपल्याकडे अजून जास्त सांगितली जायला हवी असं मला वाटतं.

या दोघांच्या पेशातला एक धडा इथे कामाचा आहे. कपडा कुठे झिजतो हे तो घालणारा माणूस ठरवतो. कोपर, गुडघे, खिशाची कड, तलवारीचा पट्टा घासतो ती कंबर. चिलखताचंही तसंच. रंगवायला बसण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: हे घालणारा माणूस कोण, आणि तो काल काय करत होता? घोड्यावर बसणाऱ्याच्या मांडीची आतली बाजू घासलेली असेल. उजव्या हाताने तलवार चालवणाऱ्याच्या ढालीवर आणि डाव्या हातावर वार जास्त असतील. पायाकडचा भाग धुळीचा, खांद्याचा भाग घामाचा आणि उन्हाचा.

चुकीच्या जागी गंज

मिरवणुकांमधल्या चिलखतांवर सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सगळीकडे गंज. 'जुन्या काळातलं' म्हणून नारिंगी रंगाचा सढळ हात. पण शिवकाळातल्या शिपायासाठी ते चिलखत जुनं नव्हतं. ते त्याचं आजचं हत्यार होतं, आणि त्याच्यावर त्याचा जीव अवलंबून होता. तो ते पुसत असणार, तेल लावत असणार, डायमेकर आपली डाय जपतो तसं.

याचा पुरावा एका नावातच आहे. कड्यांच्या चिलखतावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणारे चार पत्रे बांधत, त्याला 'चारआईना' म्हणायचे. आईना म्हणजे आरसा. ज्या वस्तूचं नावच आरसा, तिच्यावर गंजाच्या खपल्या काढून ठेवणं जरा विचित्रच.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं पोलादी वक्षत्राण आहे, १५८१ सालचं. त्याच्यावर धार्मिक वचनं कोरलेली आहेत. डहाणू रोडहून चर्चगेटची लोकल पकडून एक दिवस तिथे घालवला, तर चार व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल. जुनं पोलाद एकसारखं रुपेरी नसतं. त्यात राखाडी, निळसर, किंचित तपकिरी अशा छटा असतात.

अजून एक. गंज फक्त लोखंडाला आणि पोलादाला येतो. पितळेच्या फुलांवर नारिंगी गंज दाखवू नका. पितळ काळवंडतं, तपकिरी होतं, आणि खोबणीत हिरवट दिसतं. ढाल कातडीची असेल तर तिला गंज येणारच नाही, तिची कड झिजेल आणि वरचा लेप तडकेल. आणि कड्यांच्या चिलखतात कड्या सतत एकमेकींवर घासत असतात, वरोरच्या साखळीसारख्या, म्हणून हालचालीच्या जागा चकाकत्या ठेवायच्या. खरं कड्यांचं चिलखत दहा किलोच्या आसपास भरतं. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाचा भर वेगावर होता, त्यामुळे प्रत्येक मावळ्याला छातीपासून पोटरीपर्यंत लोखंडात मढवणं ही सिनेमाची हौस आहे.

मग गंज दाखवायचाच नाही का? दाखवायचा, पण कारण असेल तिथे. रिव्हेटच्या डोक्याभोवती, जिथे फडकं पोचत नाही. सांध्याच्या आतल्या बाजूला. कातडी पट्टा पत्र्यावर बसतो तिथे, कारण कातडी घाम धरून ठेवते. आणि ओघळ नेहमी खाली. ढाल आडवी ठेवून रंगवली आणि ओघळ आडवे काढले, तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकतंय हे कळतं.

खडेमीठ आणि गेरू

खऱ्या लोखंडाला समुद्राकाठी लवकर गंज येतो तो मिठामुळे. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांच्यात गंजाची क्रिया होते, आणि पाण्यात मीठ असलं की त्यातून विद्युतभार सहज वाहतो, क्रिया वेग घेते. गंमत म्हणजे खोटा गंज दाखवायलाही मीठच कामाला येतं.

ते असं. आधी गंजाच्या रंगाचा थर द्यायचा, तपकिरी आणि नारिंगी, जरा ढगाळ, असमान. तो वाळला की त्यावर वार्निश. मग जिथे रंग उडालेला दाखवायचा तिथे पाण्याने ओलं करून मिठाचे खडे टाकायचे. खडेमीठ आणि बारीक मीठ मिसळलं तर डाग खरे वाटतात, कारण निसर्गात सगळे डाग एका मापाचे नसतात. कडांजवळ दाट, मध्ये विरळ. पूर्ण वाळू द्यायचं. आता वरून एअरब्रशने धातूचा किंवा रंगाचा थर, कमी दाबाने, नाहीतर हवेनेच मीठ उडून जातं. वाळल्यावर ओल्या बोटाने किंवा जुन्या टूथब्रशने मीठ घासून काढायचं. खडा निघतो त्या जागी खालचा गंज उघडा पडतो, कडा वेड्यावाकड्या. सगळं मीठ धुऊन काढा. उरलेलं मीठ पावसाळ्यात पाणी ओढतं आणि वार्निशखाली पांढरे डाग पडतात.

गंजाच्या रंगासाठी महागडी पावडर घ्यायची गरज नाही. वारली चित्रांची लाल-तपकिरी भिंत ज्याने सारवतात तो गेरू म्हणजे लोह ऑक्साइड असलेली माती. रंगाच्या दृष्टीने तो गंजाचा सख्खा भाऊच. डहाणू तालुका वारली चित्रकलेचं घर आहे. २०११ साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे याच तालुक्यातल्या गंजाडचे. गेरूची चिमूट मॅट वार्निशमध्ये कालवून स्पंजाने टिपली, तर जो खरखरीतपणा येतो तो बाटलीतल्या गुळगुळीत नारिंगी रंगाला येत नाही. फक्त गेरू एअरब्रशच्या वाटीत घालू नका. माती ती माती, सुईचं तोंड बंद करते.

तो धूर जातो कुठे?

आता महत्त्वाचं. एअरब्रशचं काम म्हणजे रंगाचे इतके बारीक कण करणं की ते हवेत तरंगतील. त्यातले सगळे चिलखतावर बसत नाहीत. उरलेले खोलीत फिरतात, आणि त्यातले सगळ्यात बारीक श्वासाबरोबर खोलवर जातात. दहा बाय दहाची खोली, शेजारी झोपलेली लहान बहीण, धूळ येऊ नये म्हणून बंद केलेली खिडकी, हे चित्र आपल्याकडे सर्रास दिसतं.

'वॉटर-बेस्ड आहे, काही होत नाही' हा सगळ्यात मोठा गैरसमज. बाटलीवर बिनविषारी लिहिलेलं असतं ते ब्रशने वापरण्याच्या हिशोबाने. त्याच रंगातलं प्लास्टिकसारखं माध्यम आणि रंगद्रव्यं तुषार होऊन फुप्फुसात गेली तर शरीर त्यांना पाणी समजत नाही. काही रंगांत कॅडमियम किंवा कोबाल्ट असतं, ते फवारूच नयेत.

तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. एन-९५ मास्क चेहऱ्याला नीट घट्ट बसला, तर पाण्यातल्या रंगाचे कण अडवतो. पण थिनरची वाफ तो अडवत नाही. एनसी थिनर, लॅकर, स्प्रेचे डबे यांत टोल्यूइनसारखी द्रावकं असतात. त्यांना सेंद्रिय वाफा शोषणारी कार्ट्रिज आणि तिच्यावर कणांची गाळणी असलेला रबरी मास्क लागतो. मास्क असूनही वास आला, तर कार्ट्रिज संपली किंवा मास्क नीट बसला नाही. ही वाफ पेट घेते, त्यामुळे गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा आणि ठिणगी पडेल असा पंखा त्या खोलीत नको.

गॅरेजमधून गाडीला मारतात तो हार्डनर मिसळायचा 'टू-के' क्लिअर आणून चिलखताला काचेसारखी चमक देणारेही आहेत. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिचकायला लागलं की अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. त्याला वास फारसा नसतो, म्हणून कार्ट्रिज संपल्याचंही कळत नाही. तो घरी वापरू नका.

शिशाबद्दलही दोन ओळी. २०१६ च्या नियमांनी १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम केली. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. माळ्यावर पडलेला जुना डबा, बोटीच्या किंवा मशीनच्या कामातून उरलेला रंग, मुलांच्या चिलखताला नको. तो घासून काढणं तर आणखी वाईट, कारण त्याची धूळ होते.

खर्च न वाढवता करण्यासारखं बरंच आहे. काम गच्चीवर किंवा अंगणात, वारा पाठीमागून येईल असं. घरातच करायचं तर मोठ्या खोक्याच्या मागच्या बाजूला गाळणी आणि एक्झॉस्ट पंखा लावून हवा खिडकीबाहेर काढायची, आणि ही सोय फक्त पाण्याच्या रंगांसाठी. फवारणी झाल्यावर अर्धा तास खोलीत मुलांना येऊ द्यायचं नाही. एअरब्रश धुताना थिनर हवेत फवारू नये, झाकणाच्या बरणीत फवारावा. मास्क सगळ्यात जास्त वेळा इथेच उतरवला जातो, काम संपलं म्हणून.

शेवटचं मॅट वार्निशही फवारूनच बसतं, त्यामुळे मास्क तेव्हाही तोंडावरच. ते पावसाच्या दिवशी मारू नका, दमट हवेत त्याच्यावर दुधी पापुद्रा येतो. सकाळी दहानंतर, ऊन पडल्यावर, पातळ दोन हात. पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस द्या, आणि मिरवणूक झाल्यावर चिलखत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. वार्निश पिशवीला चिकटतं. सुती जुनी चादर चालते. पत्रे एकावर एक न ठेवता खुंटीला टांगले तर फोमला घडी पडत नाही.